खोली पाहिजे, नातं विचारू नये

'हे दोघं एकमेकांचे कोण लागतात?'

गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला 17 जणांनी विचारला. एजंटांनी, घरमालकांनी, चाळीच्या सेक्रेटऱ्यांनी, एका पानवाल्यानं, आणि एका बाईनं तर खिडकीतून डोकं काढून, खोली तिची नसताना. गोदीत स्टीलच्या कॉइल मोजायची सवय, म्हणून हेही मोजत गेलो. पाळी संपली की अंगावरचा गंज धुवायचा, शर्ट बदलायचा आणि खोली बघायला निघायचं. खोली माझ्यासाठी नाही. मी आहे तिथं आहे. आठ जणांत एक खोली, पाळीपाळीनं झोपतो, कुणी कुणाचा कोण लागत नाही आणि कुणी विचारतही नाही. पंचविशीतले आठ पुरुष एका खोलीत चालतात, त्यांना बॅचलर म्हणतात. पन्नाशीचे दोन पुरुष एका खोलीत चालत नाहीत. त्यांना काय म्हणतात ते कुणी तोंडानं बोलत नाही, नुसतं 'नंतर कळवतो' म्हणतात.

दोघं वाशिमचे. एक माझा मामा. सख्खा नाही, आईच्या माहेरच्या वस्तीतला, पण माझी शाळेची खाकी चड्डी दरसाल त्यानंच शिवली आणि कधी पैसा घेतला नाही. पाटणी चौकाच्या मागं एका बोळीत त्याची मशीन. दुसरे काका. मानोऱ्याकडच्या तांड्यातले, बाजारात सोयाबीनची पोती वाहून वाहून कमरेतून गेलेले. मामा बौद्ध, काका बंजारा. मामाचं वय 52, काकांचं 49. एका छपराखाली 20 वर्षांच्या वर झाली. लहानपणी मला कळलंच नाही की यात काही कळण्यासारखं आहे. काका भाकर टाकायचे, मामा मशीनवर असायचा, रात्री मामा काकांच्या कमरेला तेल चोळून द्यायचा. झालं. वस्ती त्यांना 'जोडी' म्हणायची. 'जोडी आली का बजारातून?' त्यात चेष्टा होती, पण हातात दगड नव्हता.

मग निघायचं काय कारण? तर लग्न. त्यांचं नाही, पुतण्याचं. खोली आणि दुकानाचा गाळा मामाच्या थोरल्या भावाच्या नावावर. पुतण्याला पोरगी बघणं सुरू झालं. पाहुणे घर बघायला यायचे, मागच्या खोलीत दोन पुरुष आणि एक पलंग दिसायचा, चहा प्यायचे आणि जायचे. एक जागा गेली, दुसरी गेली. थोरल्यानं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. हात जोडले. म्हणाला, तुमच्यापायी पोराचं जमत नाही. मारून हाकललेला माणूस निदान भांडू शकतो. हात जोडून हाकललेल्यानं काय करावं?

मामाचा फोन आला. 'आमाले काई मोठं घर नाई लागत रे बाबू. मशीन ठेवता आली पाह्यजे. अन् रातच्यानं दार लावलं तं कोनं टकटक करू नये. बस.'

दोस्तहो, वस्ती कशी निवडावी यावर पेपरवाले रविवारी पानंच्या पानं छापतात. स्टेशन किती मिनिटांवर, शाळा कुठं, पाण्याचं प्रेशर काय. मामाच्या दोन वाक्यांएवढं धड मला त्यात काही दिसलेलं नाही. तरी त्या दोन वाक्यांची खोली शोधताना माझे तीन महिने गेले. 

आधी शहर ठरवायचं होतं. अकोला नको, अमरावती नको, तिथं पावलोपावली सोयरे. मी नागपूर सुचवलं. 1956 ला जिथं लाखोंनी दीक्षा घेतली ते शहर, भाडं मुंबईच्या मानानं कितीतरी कमी, आणि समलिंगी लोकांसाठी काम करणारी 'सारथी ट्रस्ट' ही संस्था तिथं आहे. इंदोरा बघ म्हटलं, बेझनबाग बघ. मामा हसला. 'अरे, पोराले आता जे पोरगी पाह्यली, थे नागपूरचीच हाये.' पुण्याचं म्हणावं तर चाकण-भोसरीत वाशिम-बुलढाण्याची पोरं खच्चून भरलेली, त्यातली निम्मी मामाला मामाच म्हणतात. शेवटी काकाच बोलले, 'मुंबईत कोन कोनाले वयखते?'

आम्ही सगळे खेड्यात हेच ऐकत मोठे झालो की मुंबई काही विचारत नाही. खोटं आहे. मुंबई गर्दीत विचारत नाही. दारात विचारते.

समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा, शेलूबाजार, मालेगावावरून जातो. 5 जून 2025 ला शेवटचा तुकडा खुला झाला आणि पूर्ण 701 किलोमीटर सुरू झाले. मोटार वाशिमहून मुंबईच्या वेशीपर्यंत सुसाट येते. मोटारीला कुणी नातं विचारत नाही, टोल घेतात आणि सोडतात.

समलिंगी माणसांना मुंबईत राहायला कुठं बरं, म्हणून मी एका शिकलेल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तोही कवी आहे, इंग्रजीत. त्यानं झटकन सांगितलं, वांद्रे, वर्सोवा, फार तर पवई. तिथले लोक कॉस्मोपॉलिटन असतात. कॉस्मोपॉलिटन म्हणजे काय ते मला डिपॉझिटचा आकडा ऐकून कळलं. मामाची मशीन आणि ती बोळ विकली तरी तो भरायचा नाही. माणूस वाईट नाही तो. त्याच्याबरोबर मी एकदा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघणाऱ्या मोर्चात गेलो होतो, नाचलोही. त्या पोरापोरींची टिंगल मी करणार नाही, घरचा मार खाऊन आलेली असतात. 1990 ला 'बॉम्बे दोस्त' निघालं, 1994 ला हमसफर ट्रस्ट उभा राहिला, एड्सच्या त्या दिवसांत डॉक्टर हात लावायला कचरत होते तेव्हा ही माणसं उभी राहिली. पण मोर्चा संध्याकाळी संपतो, आणि मग ज्याला खोली आहे तो खोलीवर जातो.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमाचा दात उपटला. दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं बंद दाराआड काय करतात तो गुन्हा नाही. त्याच्या आदल्या वर्षी नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दोन्ही निकाल चांगले. मी ते मराठीत वाचले, समजतील तेवढे समजून घेतले. पण या हक्काला आधी दार लागतं. चाळीत दिवसा दार उघडं ठेवायचं असतं, दिवसा लावलेलं दार हाच गुन्हा. झोपडपट्टीत भिंत पत्र्याची, इकडं खोकला आला की तिकडं पाणी देतात. संडासच्या रांगेत सकाळी सगळ्या वस्तीचं पंचनामं होतं. कोण उशिरा उठलं, कोणाच्या दोरीवर कोणाची चड्डी. ज्याच्या घराला बेडरूम आहे त्याला कोर्टानं बेडरूममधलं स्वातंत्र्य दिलं. दहा बाय दहात राहणाऱ्याला काय मिळालं? ज्याला आधी पोलिसाची भीती होती, त्याला आता नुसती शेजाऱ्याची राहिली.

तर खोल्या. वडाळ्याकडं एक मिळत होती, तळमजला, काकांच्या कमरेला बरी. एजंट म्हणाला, फॅमिली पाहिजे. मी म्हटलं, फॅमिलीच आहे. 'लेडीज कुठंय?' बाई असली की फॅमिली. मग तो पुरुष तिला रोज तुडवो, सेक्रेटरीची हरकत नाही.

दुसरीकडं मी शहाणपणा केला. भाऊ आहेत म्हटलं. आधार कार्डं काढली, आडनावं वेगळी. मग मावसभाऊ म्हटलं. एजंटानं दोन्ही आडनावं पुन्हा वाचली. या शहरात आडनावं वाचायची शाळा कुठं भरते कुणास ठाऊक, मराठी धड न बोलणारा एजंटसुद्धा त्यात पहिला येतो. म्हणाला, 'एक बंजारा, एक तुमच्यातला. मग मावशी कशी होणार?'

म्हणजे बघा. सवर्ण दोस्त असते, एका जातीचे असते, तर मावसभाऊ म्हणून म्हातारपण काढलं असतं. असे कित्येक मावसभाऊ या शहरात काढतायत. जातीनं जातीबाहेरची मावशीसुद्धा शिल्लक ठेवली नाही, त्यामुळं माझ्या मामाला खोटं बोलायचीही सोय नाही. हा भेद मला त्या इंग्रजी कवीला समजावता आला नाही. त्याला वाटतं दार एकच असतं, ते उघडलं की उजेड.

सोसायट्यांचं तर बोलायलाच नको. 2005 ला सुप्रीम कोर्टानं एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात ठरवलं की सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवू शकते. तेव्हापासून जो तो आपला समाज घेऊन गेटवर बसलाय.

आता आपल्या वस्तीकडं येतो. त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो. 

सगळीकडून हात हलवत आलो तेव्हा वाटलं, मूर्खासारखा बाहेर काय फिरतोय, आपली माणसं आहेत की. वस्तीचं नाव लिहीत नाही. निळा झेंडा आहे, विहार आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत, कुठल्याही वस्तीत असतात तसे. एक खोली रिकामी होती, भाडं परवडणारं. कार्यकर्ता माझा दोस्त, माझ्याबरोबर लाठी खाल्लेला. त्याच्याशी मी खोटं बोललो नाही. सरळ सांगितलं, जोडीदार आहेत. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'आपल्या वस्तीत पोरंबाळं आहेत, भाऊ.'

हे वाक्य मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी एका शाकाहारी बिल्डिंगमध्ये जागा विचारायला गेलो होतो, तळमजल्याची स्टोअररूम, तीही मिळाली नाही. तिथल्या बाईनं हेच म्हटलं होतं. 'आमच्याकडे लहान मुलं आहेत हो.' मुलांना माझ्यापासून काय होणार होतं? वास येणार होता. मामापासून काय होणार आहे? तो त्यांच्या चड्ड्या शिवेल.

रात्री चौघंपाचजण बसलो. वाद झाला, चांगलाच झाला. एक शिकलेला म्हणाला, हे श्रीमंतांचं फॅड आहे, आपल्यापुढं भाकरीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, बाबा, हे वाक्य तुझं नाही. 2023 ला समलिंगी विवाहाच्या खटल्यात केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टाला हेच लिहून दिलं होतं, की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. त्या सरकारच्या बाकी कुठल्या वाक्यावर तुझा विश्वास आहे? 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल लागला, लग्नाचा हक्क मिळाला नाही. पण सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निदान एवढं लिहिलं की हे शहराचं नाही आणि उच्चभ्रूंचंही नाही. 2018 ला सरकारनंच वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' म्हणून यादीत घातलं, महाराष्ट्रातले चार जिल्हे, त्यात आम्ही. आकांक्षित म्हणजे मागासला म्हणायचं धाडस नसलेला शब्द. त्या जिल्ह्यातला एक शिंपी आणि एक हमाल. उच्चभ्रू!

तो म्हणाला, यवतमाळला झालं की तसलं लग्न, पेपरात आलं होतं, तो अमेरिकेतलाच होता. खरं आहे, 2017 च्या डिसेंबरात झालं होतं. मामानं तो पेपर घडी घालून मशीनच्या खणात ठेवलाय. मला दाखवत म्हणाला होता, 'बरं झालं, थो वापस गेला अमेरिकेत. यवतमाळात खोली पाहाले लागली नाई त्याले.'

मग दुसऱ्यानं बाबासाहेबांना मधे आणलं. हे बाबासाहेबांनी कुठं सांगितलंय? आपल्यात हे एक झालंय, कशालाही पावती मागायची. पण पावती आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवायचे, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, समलिंगी संबंधांबद्दलच्या प्रश्नांनासुद्धा. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला घातला. 1934 ला हायकोर्टात कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. त्या प्रश्नांना उत्तर देण्यात अश्लील काही नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. केस हरले. जिंकतील म्हणून घेतली नव्हती.

आणि केसही सोडा. 1917 चं बडोदं आठवा. कोलंबियातून आलेला माणूस, महाराजांच्या नोकरीत, आणि सगळ्या शहरात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत रजिस्टरात खोटं पारशी नाव घालून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन जिन्यावर आले, संध्याकाळपर्यंत खाली कर म्हणाले. एका हिंदू मित्राकडं विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडं विचारलं. दोघांनी शिवी दिली नाही. एकाला नोकरांची अडचण, एकाला बायकोची. रात्रीच्या गाडीपर्यंत बाबासाहेब बागेत बसून राहिले. आपण प्रत्येक सभेत ही गोष्ट सांगतो, डोळ्यांत पाणी आणतो. त्या दोन मित्रांची नावं कुणाला माहीत नाहीत. परवा रात्री मला ते दोघं माझ्या शेजारी बसलेले दिसले, चहा पीत.

माझाही हिशेब देतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यालाच झोडतो. आपल्या कवितेत पुढाऱ्याला शिवी द्यायची असली की पहिला शब्द हिजडा, दुसरा षंढ. मीही लिहिलंय. वाचली तेव्हा टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. पुस्तिका मामाला पाठवली होती. वाशिमला गेलो तेव्हा त्यानं ती परत हातात ठेवली. 'कविता बेस हाये. पन थ्या लोकायले कायले मंधात आनलं?' मशीन चालवत होता, मान वर केली नाही. मी ती कविता त्यानंतर वाचलेली नाही. फाडलीही नाही, कारण ती माझीच आहे.

परवाच्या बैठकीत हात वर केले असते तर तीन विरुद्ध दोन झालं असतं, कोणत्या बाजूचे तीन ते लिहीत नाही. खोली मात्र तोवर दुसऱ्याला गेली होती. लेडीज असलेल्या फॅमिलीला.

शेवटी उल्हासनगर. फाळणीनंतर सगळं टाकून आलेल्या सिंध्यांना सरकारनं लष्कराच्या रिकाम्या छावणीत कोंबलं, त्याचं 1949 ला उल्हासनगर झालं. पाच नंबर कॅम्पाकडं जीन्स शिवायचं काम चालतं, आधीपेक्षा कमी झालंय पण आहे, मामाला तुकड्यावर काम मिळेल. काकांना वॉचमन होता येईल, बसून करायचं काम. साखरेची गोळी सरकारी दवाखान्यातून मिळेल. खोलीची मालकीण म्हातारी, ऐंशीच्या पुढची. तिनं दारूचं विचारलं, भाडं कितव्या तारखेला ते विचारलं. मग विचारलंच. ती सतरावी. मी म्हटलं, एकत्र राहतात, 20 वर्षं झाली. म्हातारीनं मान हलवली. कळलं की ऐकूच गेलं नाही, मला सांगता येत नाही. चावी दिली.

करार 11 महिन्यांचा. म्हणजे दहाव्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. रेशनकार्डाचं बघायला कचेरीत गेलो तर तिथं रकाना आहे, 'कुटुंबप्रमुखाशी नातं'. सप्टेंबर 2024 ला केंद्रानं जाहीर केलंय की समलिंगी जोडीदारांना रेशनसाठी एकच घर धरावं, बँकेत जोड खातं उघडायला आणि वारस म्हणून नाव लावायलाही आडकाठी नाही. बाबूला सांगितलं. तो म्हणाला, असं काही आमच्याकडं आलेलं नाही, आलं तर बघू. रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाला, भाऊ लिहा ना, काय जातंय. मामाला फोन केला. मामा म्हणाला, रिकामा ठेव. रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो. सध्या फॉर्म माझ्या उशाखाली आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं येतायत. अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी कल्याणला उतरतील. मशीन पायाची आहे, बिडाची, जड. काकांना उचलू द्यायची नाही, ते ऐकणार नाहीत, आधीच हात घालतील. मी आहे, माझ्या खोलीतला एकजण तयार झालाय, आणखी दोन माणसं पाहिजेत. परवा रात्री वाद घालणारे आले तरी चालतील. जिना चढून पलीकडं टेम्पोपर्यंतच न्यायची आहे.